पडू न देणारी फटफटी

फटफटीवरून माणूस पडू नये म्हणून काय काय करता येईल, याचा अभ्यास सोलापुरात एकाच माणसानं केला, आणि अभ्यास संपला तेव्हा त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर ती कुचाळकी ठरली असती. पण कुंडलिक जॉबर स्वतःच सांगायचा. गिरणीच्या चाळीतल्या कट्ट्यावर बसायचा, तंबाखू मळायचा, आणि कुणी विचारो न विचारो, सुरू व्हायचा. "माज्याएवढा शाना मानूस मोडनिंबात दुसरा जलमला न्हाय," हे पहिलं वाक्य. "म्हनून तर गावानं मला हितं धाडला. एका गावाला येवढं शानपन झेपंना."

वयाच्या सोळाव्या वर्षी तो मोडनिंबहून आला आणि गिरणीत लागला. आधी तुटलेले धागे जोडायचा, मग मागावर उभा राहिला, आणि चाळिशी गाठेपर्यंत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर झाला. जॉबर म्हणजे मागांचा वैद्यच. चोवीस माग त्याच्या ताब्यात होते. खडखडाटात उभं राहून, डोळे मिटून, कुठल्या मागाचा कुठला बोल्ट ढिला झालाय ते तो कानानं सांगायचा. घरच्या दाराची कडी मात्र तीन वर्षं लागत नव्हती. त्याची बायको बजाबाई म्हणायची, "ह्यांची समदी अक्कल भोंग्यासंगं गिरनीत जाती, आन भोंगा झाला तरी तितंच ऱ्हाती." कुंडलिक हेही चारचौघांत सांगायचा आणि वर म्हणायचा, "खोटं न्हाय."

त्याला सोजर नावाची एकुलती एक मुलगी. तीस साली तिचं लग्न नातेपुत्याच्या रामहरीशी झालं. रामहरी शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं शिडशिडीत, बोलायला थोडका. गावच्या पिठाच्या गिरणीवर काम केल्यामुळं तेलावरची इंजिनं त्याला चांगली कळायची. त्या सुमाराला गावोगाव पिठाच्या गिरण्या निघत होत्या आणि सोलापुरात गुरुबसप्पा नावाचा एक व्यापारी त्यांना इंजिनं विकत होता. इंजिन विकणं सोपं, पण ते बंद पडलं की अख्खा गाव दळणाच्या पाट्या घेऊन खोळंबतो. सुटा भाग घेऊन तडकाफडकी पोचणारा माणूस हवा, म्हणून गुरुबसप्पानं विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाची जुनी मोटारसायकल घेतली. आता ती चालवणार कोण?

"आमचं जावई हायती की!" कुंडलिक म्हणाला.

रामहरी हळूच म्हणाला होता, "मामा, मला जमंल का?" कुंडलिकला तो जावयाचा विनय वाटला. "न जमायला काय झालं? इंजिन तुमास्नी कळतं. सायकल येती. दोनीची बेरीज केली की झाली फटफटी!" आणि खरं सांगायचं तर यात रामहरीपेक्षा कुंडलिकचीच हौस जास्त होती. चाळीत कुणाचा जावई बैलगाडीनं यायचा, कुणाचा पायी. कुंडलिकचा जावई धूर सोडत, कोंबड्या उडवत, फट्‌ फट्‌ करत आला, तेव्हा चाळीतल्या सगळ्या बायका दारांत आल्या आणि कुंडलिकनं उगीचच डोक्यावरचा पटका सोडून पुन्हा बांधला.

पुढच्याच चैत्रात रामहरी दुधनीहून परतताना पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. तीन आठवडे घरी बसला आणि पुन्हा गाडीवर गेला. तो गेला त्या सकाळी सोजर बापाकडं आली. नोकरीपायी दोघं चाळीतच, दोन खोल्या सोडून राहायची. आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आप्पा, ही गाडी मला पांढऱ्या कपाळानं घरी बसवनार. त्ये लई जोरात जात्यात. तुमी त्यास्नी सांगा, हळू चालवा म्हनून."

"मी?" कुंडलिक दचकला. "मी कसा सांगू? जावई हायत त्ये."

यातली अडचण ज्याला जावई आहे त्यालाच कळेल. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याला पाट मांडायचा, पहिलं ताट वाढायचं, 'पाव्हणं' म्हणून हाक मारायची, तो काही बोलला तर मान डोलवायची. कुंडलिकनं चोवीस मागांवरच्या माणसांना बापाच्या नावानं हाका मारल्या होत्या, पण जावयाला 'असं करू नका' म्हणायला त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. स्वतःच्या सासऱ्यानं त्याला आयुष्यात एकदा सांगितलं होतं, 'विडी कमी वढा,' तर हा दोन वर्षं सासुरवाडीला गेला नव्हता.

सोजर डोळे पुसत गेली आणि कुंडलिक विचारात पडला. मागावर सूत तुटायला लागलं तर आपण मागाला शिव्या देतो का? नाही. माग नीट करतो. मग माणसाला बोलायचं कशाला? गाडीच अशी करून टाकावी की तिच्यावरून पडताच येऊ नये. पोरीचं कुंकू राहील आणि जावयाचा मानही राहील. हा विचार त्याला इतका आवडला की त्या दिवशी त्यानं खात्यात कुणालाच शिवी दिली नाही आणि लोकांना वाटलं, जॉबरला ताप आला.

त्या साली अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे, चांदीची निरंजनं, धोतरजोडी, ज्याची जशी ऐपत. कुंडलिकनं ताटात अनारसे ठेवले, धोतर ठेवलं, आणि शेजारी तांबड्या खणात गुंडाळलेल्या दोन जाडजूड लोखंडी दांड्या ठेवल्या. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, घेऊन, लोहाराकडून तापवून, वाकवून त्यानं त्या करून घेतल्या होत्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक बसवायची. गाडी कलंडली की दांडी आधी जमिनीला टेकणार आणि माणसाचा पाय गाडीखाली चेपणार नाही. रामहरीनं ताट कपाळाला लावलं. दांड्यांसकट लावलं, त्यामुळं कपाळावर बारीक टेंगूळ आलं. पण अधिकाचं वाण नाकारायचं नसतं. "छान हायत, मामा," तो म्हणाला.

युक्ती काही वाईट नव्हती. चूक एवढीच झाली की कुंडलिकनं माप घेतलं ते पायाचं, बोळाचं घेतलं नाही. दांड्या दोन्हीकडं हात-हातभर बाहेर आल्या. पहिल्याच दिवशी रामहरी बोळातून निघाला तेव्हा शेजारची म्हाळसाबाई बाजेवर बसून तूर निवडत होती. दांडी बाजेच्या पायात अडकली आणि म्हाळसाबाई तुरीसकट पाच-सहा हात फटफटीमागं गेली. बाज उलटली. कुंडलिक धावत आला, आणि त्यानं आधी कुणाकडं बघितलं असेल तर दांडीकडं.

"बगितलंसा का म्हाळसाबाय?" तो आनंदानं म्हणाला. "गाडी येवढी हिसकली तरी आमचं पाव्हणं पडलं न्हाईत!"

"मी पडले की रं मुडद्या!" म्हाळसाबाई तुरीतून म्हणाली.

दांड्या चार बोटं आत घेतल्या आणि काम भागलं. त्यानंतर मात्र चमत्कार झाला. रामहरी पडायचा थांबला. दर गुरुवारी त्याची दुधनीची फेरी असायची, आणि दर गुरुवारी दिवस मावळायच्या आत तो धडधाकट परत यायचा. धडधाकट म्हणजे किती? धोतर पांढरंशुभ्र, सदऱ्यावर डाग नाही, केससुद्धा ओले करून विंचरलेले. सत्तर मैल धुळीतून आलेला माणूस सकाळी गेला त्याहून स्वच्छ दिसायचा. बजाबाई एकदा म्हणालीही, "आवं, पाव्हणं दुधनीस्नं येत्यात का परटाकडनं?" कुंडलिक खुशीत हसला. त्या स्वच्छ धोतरात त्याला स्वतःच्या दांडीचं यश दिसत होतं. पुढं हे सांगताना तो तोंडातली तंबाखू थुंकून यायचा आणि म्हणायचा, "चोवीस मागांचा आजार कानानं वळखनारा मी. समूर बायको सांगत हुती, तरी ऐकू आलं न्हाय."

यश आलं की माणूस थांबत नाही. दिवाळी आली, दुसरं वाण निघालं. पाय झाला, आता डोकं. कुंडलिकनं बाजारातून जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक पातेलं आणलं, त्याचे काठ ठोकून आत वळवले, आतून गिरणीतल्या सुताच्या गुंत्याची गादी केली आणि हनुवटीखाली बांधायला जुन्या चामडी पट्ट्याची वादी लावली. पातेलं घालून जावई गावोगाव फिरणार हे बरं दिसेना, म्हणून वरून फेटा बांधायचा. झालं असं की फेट्यासकट रामहरीचं डोकं लाल भोपळ्याएवढं झालं.

दुकानात गुरुबसप्पानं त्याला पाहिलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. "एनप्पा रामहरी, डोकं सुजलं काय? घरी जा बाबा. इंजिन उद्या बघू."

गावांतही तीच गत झाली. एका ठिकाणी एका म्हातारीनं गिरणीचं दळण बाजूला ठेवून आधी याच्या डोक्याला लावायला पाला वाटला. शिवाय आत इंजिनाचा आवाज घुमायचा. घरी आल्यावर तासभर सोजर काय बोलते ते रामहरीला कळायचं नाही आणि तो सगळ्यालाच 'व्हय' म्हणायचा. सोजरला वाटलं, नवरा सुधारला. कुंडलिकनं विचारलं, "पाव्हणं, टोप कसा काय?" रामहरी म्हणाला, "छान हाय, मामा." भर उन्हात पातेल्यात शिजलेल्या डोक्यानं माणूस आणखी काय म्हणणार!

तरीही कुंडलिकचं समाधान होईना, कारण सोजरचं झालं नव्हतं. तिला दिवस गेले होते. गुरुवारी दुपार कलली की ती भिंतीला टेकून बसायची आणि बोळाकडं कान लावायची. फटफटीचा आवाज आला की उठून चुलीशी जायची, जणू काही झालंच नाही. कुंडलिक हे पाहायचा. पडल्यावर लागू नये हे ठीक, पण मुळात धडकच होऊ नये, त्याचं काय?

उत्तर त्याला खात्यातच मिळालं. मागावर आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडं पळत असतो. तो कुठं मधेच अडकला तर सगळा ताणा, म्हणजे उभं सूत, फाटायचा. म्हणून मागाला अशी सोय असते की धोटा वेळेवर जागी पोचला नाही की माग स्वतःच खाडकन थांबतो. माणसानं हात लावायची गरज नाही. कुंडलिकनं गेली वीस वर्षं रोज शंभर वेळा हे बघितलं होतं. त्या दिवशी तो मागासमोर उभा राहिला आणि त्याला वाटलं, अरे, माग येवढा शहाणा, मग फटफटी का नाही?

संक्रांतीपर्यंत काम झालं. गाडीच्या पुढं दोन हात लांब वेताची काटकी. ती कशालाही टेकली की मागं सरकायची. ती सरकली की एक तार ओढली जायची आणि इंजिन बंद. त्याच तारेला दुसरी तार, तिनं दोन्ही चाकांचे ब्रेक करकचून आवळायचे. माणूस झोपलेला असो, घाबरलेला असो, गाडी आपल्या अकलेनं थांबणार. याही वेळी त्यानं तिळगुळाच्या ताटात काटकी ठेवली. पण ती थेट जावयाला द्यायला मन धजेना. तो म्हणाला, "आदी मी सोता बसून बघतो." त्याच्या सगळ्या अभ्यासात शहाणपणाचं म्हणावं असं हे एकच वाक्य होतं.

रविवारी कंबर तलावापलीकडच्या माळावर अर्धी चाळ जमली. कुंडलिकला फटफटी धड चालवता येत नव्हती, पण सरळ जायचं होतं, वळायचं नव्हतं. समोर कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग रचला. रामहरीनं गाडी चालू करून दिली आणि सोबत पळत सुटला. "मामा, बेतानं!" तो ओरडला. कुंडलिक मात्र बेतानं जायला आलेला नव्हता. हळू जाऊन थांबवली तर त्यात यंत्राचं काय कौतुक? त्यानं होता नव्हता तेवढा वेग दिला.

यंत्रानं काम चोख केलं. काटकी पेंढीला टेकली, इंजिन बंद झालं, ब्रेक आवळले गेले आणि गाडी पेंढीपासून हातभर अलीकडं जागच्या जागी थांबली. कुंडलिक तेवढा पुढं गेला. कडब्याच्या ढिगावरून पलीकडं, पटका एकीकडं, आपण एकीकडं. आणि त्या प्रवासात, गादी सुटल्यापासून जमीन लागेपर्यंतच्या वेळात, वीस वर्षांत डोक्यात न आलेली गोष्ट त्याच्या डोक्यात आली. माग खाडकन थांबतो तेव्हा कुणाला काही होत नाही, कारण माग जमिनीला चार बोल्टांनी आवळलेला असतो आणि त्याच्यावर कुणी बसलेलं नसतं.

गाडी आडवी झाली. दांडीमुळं तिला खरचटलंसुद्धा नाही. कुंडलिकचं मनगट मोडलं.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. बजाबाईनं दोन दिवस तोंडाचा पट्टा चालू ठेवला आणि तिसऱ्या दिवशी दमून थांबली. रामहरी संध्याकाळी येऊन पायाशी बसला. कुंडलिकनं विचारलं, "पाव्हणं, थांबली का न्हाय गाडी?" रामहरी म्हणाला, "थांबली की, मामा. झटक्यात."

सोजर मात्र बोलली. सातवा महिना होता, तिला धड वाकताही येत नव्हतं. ती बापाच्या हाताकडं बघून म्हणाली, "आप्पा, आता त्या गाडीला तुमी काय बी बसवू नगा. माजं येवढंच मागनं हाय. रोग मारतोय का औषद मारतंय, मला भ्या दोनीचं वाटाय लागलंय."

कुंडलिक आयुष्यात पुष्कळ हसला होता आणि त्यातलं निम्म्याहून जास्त स्वतःवर. पण हे त्याला लागलं. पोरगी घाबरून आपल्याकडं आली होती आणि आपण तिला आणखी एक भीती करून दिली. ती काटकी जावयाच्या हाती तशीच दिली असती तर? त्यानं त्याच दिवशी तारा सोडवून टाकल्या, एका हातानं, दातांची मदत घेऊन.

तरी खोड जाते थोडीच! बुधवारी त्याला वाटलं, आपण वाण दिलं, पण दुधनीची वाट कशी आहे ते कधी बघितलंच नाही. बोळाचं माप चुकलं तसं हेही असेल. खात्यात जायचं नव्हतंच. त्यानं गुरुबसप्पाला विचारलं आणि गुरुवारी सकाळी रामहरीच्या मागं, पोतं टाकून, डावा हात जावयाच्या कमरेभोवती घालून बसला. बजाबाई म्हणाली, "एक हात ऱ्हायलाय, त्यो बी घालवून या." सोजर दारात उभी होती.

अक्कलकोटपर्यंत रामहरीनं गाडी झकास चालवली. कुंडलिकला आश्चर्य वाटलं. कुठं घाई नाही, बैलगाडी दिसली की हा बाजूला. पोरगी उगाच भिते, त्याला वाटलं. अक्कलकोट सुटलं, दुधनीची कच्ची वाट लागली आणि कोस-दोन कोसांवर रामहरीचे खांदे हळूहळू वर यायला लागले. त्याची पाठ फळीसारखी ताठ झाली. समोर उतार होता, उताराखाली रुंद वाळूचा ओढा, घोटाभर पाणी. आणि उतारावर वेग कमी करायचा सोडून रामहरीनं गाडी अशी सोडली की कुंडलिकनं डोळे मिटले.

ओढ्याच्या काठाला मेंढरं आडवी आली म्हणून वाचले. रामहरीनं गाडी तिरकी घातली, ती घसरली, दांडीवर टेकली आणि थांबली. घोंगडं पांघरलेला मेंढका काठी टेकत पुढं आला. हा धुळा, सांगोल्याकडून चाऱ्याच्या शोधात आलेला. त्यानं रामहरीकडं बघितलं आणि ओळखीचं हसला.

"आलासा व्हय? आन आज काठावरच?" मग त्यानं कुंडलिककडं मान वळवली. "तुमी कोन, पाव्हणं?"

"मी ह्येंचा सासरा."

"बरं झालं आलासा. मंग तुमीच सांगा ह्यास्नी. मी हितं दिवाळीपास्नं हाय. दर गुरवारी ह्यो गडी हितं पडतोय. एक गुरवार चुकला न्हाय. त्या लोखंडाच्या दांडीनं पाय वाचलाय, दगडानं ठोकून नीट करत्यात आन जात्यात. परत येताना कदी पडत्यात, कदी न्हाय. मंग हितंच धोतर-सदरा धुत्यात, वाळस्तवर माजं घोंगडं नेसून बसत्यात. घरी कळाय नगं म्हनं."

दर गुरुवारी. दिवाळीपासून म्हणजे किती गुरुवार झाले, त्यानं मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. त्याआधीही पडलाच असणार. त्या प्रत्येक गुरुवारी संध्याकाळी आपण दारात उभं राहून त्या पांढऱ्या धोतराकडं अभिमानानं बघत होतो. सोजर भिंतीला टेकून कान लावत होती, ते बरोबर होतं. चुकीचा होता तो आपला आनंद.

"खरं हाय?" त्यानं विचारलं.

रामहरी हँडल धरून खाली बघत होता. "व्हय, मामा."

"पर हितंच का?"

"पैल्यांदा हाड मोडलं त्ये हितंच." रामहरी म्हणाला. "ही वाळू दिसली की भ्या वाटतं. लई भ्या वाटतं, मामा. म्हनून जोरात सोडतो. वाटतं, एकदाचा वढा मागं पडूंदे."

"आरं पर उतरायचं की! ढकलत न्यायची!"

"वाटंवर बाजाराची मानसं असत्यात. कुंडलिक जॉबराचा जावई फटफटी ढकलतोय म्हनत्याल." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "चाळीत तुमी माज्या गाडीचं केवडं सांगता. तुमचं नाव जाईल, वाटलं."

कुंडलिकनं त्याच्याकडं बघितलं. बावीस वर्षांचं पोर. गळ्याशी मोडलेल्या हाडाची गाठ सदऱ्यातून दिसत होती. हे पोर दर आठवड्याला या वाळूत आपटत होतं, आणि ते कशासाठी, तर चाळीच्या कट्ट्यावर एका जॉबरला पटका नीट बांधता यावा म्हणून. कुंडलिकच्या तोंडून जे निघालं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"गाढवा!" तो ओरडला. मेंढरं दचकून पांगली. "आरं गाढवीच्या! तुला काय अक्कल हाय का न्हाय? माजं नाव! कशाला पायजे रं माजं नाव तुला? कोन वळखतंय मला ह्या वढ्यात? तू मेलास तर माजं नाव घिऊन माजी पोरगी काय चाटंल? ढकलत जा! हळू जा! मुंगीच्या पायानं जा, दुपारी पोच, सांजचं पोच, त्या गुरुबसप्पाच्या इंजिनाला आग लागूंदे! पुन्यांदा जोरात गेलास तर ह्याच हातानं, ह्याच मोडक्या हातानं थोबाड फोडीन!"

आणि एवढं बोलून तो वाळूत बसला आणि धाय मोकलून रडायला लागला. धुळा पांगलेली मेंढरं वळवायला गेला. कुंडलिकच्या मनात आलं, संपलं. जावयाला शिव्या दिल्या. आता हा पोरीला घेऊन नातेपुत्याला जाईल आणि जन्मात आपल्या दारी पाय ठेवणार नाही.

रामहरीनं गाडी स्टँडवर उभी केली. सासऱ्यासमोर उकिडवा बसला. नातेपुत्याचा त्याचा बाप तो नऊ वर्षांचा असताना गेला होता आणि त्याला असं कुणी रागावून तेरा वर्षं झाली होती. त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहरा असा मोकळा झाला होता की वर्षभरात कुंडलिकनं तो तसा बघितला नव्हता.

"व्हय, आप्पा," तो म्हणाला. "हळू जातो."

दोघांनी धोतरं वर खोवली. रामहरीनं हँडल धरलं, कुंडलिकनं मागून डाव्या हातानं रेटा दिला आणि फटफटी वाळूतून, पाण्यातून, ओरडत-थांबत पलीकडं नेली. दुधनीच्या बाजाराला निघालेल्या दोन गाड्या मागून आल्या. गाडीवान हसले, एकानं कन्नडमध्ये काहीतरी टोमणा मारला. कुंडलिकला तेवढं कन्नड येत होतं. तो हात जोडायला गेला, पण एकच हात वर आला. "जावई हाय माजा," तो ओरडून म्हणाला, "भितोय गाडीला. मी बी भितो!"

पलीकडच्या काठावर दोघं पुन्हा गाडीवर बसले. रामहरी इतका हळू निघाला की ओढा ओलांडून चारा शोधत निघालेली धुळाची मेंढरं बघता बघता त्यांना मागं टाकून पुढं गेली, आणि कुंडलिक जॉबर मागच्या पोत्यावर बसून त्यांना वाट देत राहिला.